ग्वेन–मेरी जेन वाद

ग्वेन–मेरी जेन वाद : स्पायडरमॅनला, म्हणजे पीटर पार्करला, ग्वेन स्टेसी अधिक शोभते की मेरी जेन वॉटसन, याविषयी कॉमिक्सच्या वाचकांत जवळजवळ साठ वर्षे चाललेला वाद. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी घडवलेला हा नायक ऑगस्ट १९६२ च्या ‘अमेझिंग फँटसी’ अंकात प्रथम आला आणि त्याच्या कथा आजही निघत आहेत. इतकी वर्षे चाललेल्या मालिकेत नायकाचे वय फारसे वाढत नाही, त्यामुळे त्याचा संसार कायमचा लागत नाही आणि मोडतही नाही. वाद जिवंत राहण्याचे हे पहिले कारण.

पीटरची पहिली मैत्रीण बेटी ब्रँट, स्पायडरमॅनचा द्वेष करणाऱ्या संपादक जेमसनच्या वृत्तपत्र कचेरीतली सेक्रेटरी. पण ती या वादात कधीच गंभीरपणे उतरली नाही. मेरी जेनचे नाव मात्र ती दिसण्याच्या कितीतरी आधीपासून कानावर पडत होते. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या फॉरेस्ट हिल्समध्ये, पीटरला वाढवणाऱ्या मे काकूंच्या शेजारी अॅना वॉटसन राहत. ‘माझी भाची एकदा बघ तरी’ असा दोघींचा लकडा, आणि पीटरची दर वेळी नवी सबब. बघण्याचे कार्यक्रम चुकवणारा मुलगा ज्यांच्या घरात आहे त्यांना हे प्रकरण वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ‘द अमेझिंग स्पायडरमॅन’ या मालिकेच्या जून १९६५ च्या २५ व्या अंकात ती आली, पण चेहरा फुलाआड. तो दिसला नोव्हेंबर १९६६ मध्ये, ४२ व्या अंकाच्या अगदी शेवटच्या चौकटीत. दार उघडते, लाल केसांची मुलगी उभी असते आणि म्हणते, ‘कबूल कर वाघोबा, जॅकपॉट लागलाय तुला!’

ग्वेन या दोन तारखांच्या मधली. डिसेंबर १९६५ च्या ३१ व्या अंकात ती पीटरची कॉलेजातली वर्गमैत्रीण म्हणून आली. काकू इस्पितळात असल्याने पीटर स्वतःच्याच काळजीत, आणि याने आपल्याकडे पाहिलेही नाही म्हणून ती चिडलेली. डिटकोची ही ग्वेन मानी आणि काटेरी आहे. १९६६ मध्ये डिटको मालिका सोडून गेले आणि प्रेमकथांच्या कॉमिक्समध्ये हात बसलेले जॉन रोमिटा चित्रे काढू लागले. त्यांच्या हाती ग्वेन मऊ, हळवी, पुढेपुढे सतत डोळे पुसणारी झाली. ग्वेनची बाजू घेणाऱ्याला म्हणूनच आधी विचारावे लागते : कोणती ग्वेन? पहिलीची बुद्धी आणि दुसरीचे प्रेम एकत्र करून एक तिसरीच ग्वेन उभी केली जाते, आणि मेरी जेनची तुलना तिच्याशी होते. ही अन्यायाची तुलना आहे.

वादाला धार आली ती जून १९७३ च्या १२१ व्या अंकामुळे. लेखक जेरी कॉनवे तेव्हा विशीत होते आणि मेरी जेन त्यांना ग्वेनपेक्षा अधिक रंजक वाटे. चित्रे गिल केन यांची. स्पायडरमॅनचा कट्टर शत्रू ग्रीन गॉब्लिन ग्वेनला पुलावरून खाली ढकलतो. (चित्रातला पूल ब्रुकलिनचा दिसतो, मजकुरात नाव जॉर्ज वॉशिंग्टन पुलाचे आहे.) स्पायडरमॅन जाळे फेकतो, ते तिच्या पायाला चिकटते, ती थांबते. त्याच चौकटीत तिच्या मानेजवळ बारीक अक्षरांत एक आवाज लिहिला आहे : कट्. तिला वर ओढताना तो स्वतःवर खूश आहे, आणि हातात येते ते प्रेत. पडण्याच्या धक्क्यानेच ती मेली असती, असे गॉब्लिन म्हणतो; पण एकाएकी थांबल्याच्या हिसक्याने ती गेली, असे पुढे १२५ व्या अंकातल्या पत्रांच्या पानावर मान्य केले गेले. ज्या हाताने वाचवायचे त्याच हाताने मारले, हे पीटर आजतागायत वाहतो आहे. ग्वेनच्या बाजूचे निम्मे बळ या एका चौकटीत आहे. जी गेली तिच्याशी भांडण होत नाही, तिचे दोष जुने होत नाहीत.

पण त्याच कथेचे शेवटचे पान पुढच्या, १२२ व्या अंकात आहे आणि ते तितक्याच वेळा वाचायला हवे. पीटर खोलीवर येतो, तिथे मेरी जेन बसलेली. तो तिच्या अंगावर धावून जातो : तुला कसले दुःख, तुला तर स्वतःची आई गेली तरी वाईट वाटणार नाही, जा, तुझी मजा बुडेल. ती रडत दारापर्यंत जाते. दार उघडते, क्षणभर थांबते, आणि आतून लावून घेते. खटका लागल्याचा आवाज, बस्स. नाचगाणी आणि पार्ट्या यांपलीकडे जिची ओळख नव्हती ती मुलगी त्या खोलीत राहते. या नोंदीच्या लेखकाच्या मते वादाचा निकाल याच पानावर लागला आहे.

पुढच्या लेखकांनी त्याला पाया दिला. १९८४ मध्ये मेरी जेनने पीटरला सांगितले की, तोच स्पायडरमॅन हे तिला केव्हाच माहीत आहे. तिचे मोडलेले घर, बापाचा जाच, हसण्याआड लपण्याची सवय हेही त्याच सुमारास उघड झाले. म्हणजे मुखवटा दोघांनाही होता. ग्वेनला हे सत्य कधी कळलेच नाही. उलट वडिलांच्या मृत्यूचा दोष ती स्पायडरमॅनला देत असे, आणि पीटर ते ऐकून घेत असे. ज्या प्रेमात माणसाचे अर्धे आयुष्य दाराबाहेर उभे असते, ते पुढे टिकले असते का, याचे उत्तर ग्वेनच्या बाजूने द्यायला हवे.

१९८७ मध्ये पीटर आणि मेरी जेनचे लग्न झाले. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर नट-नटी उभे करून खरा सोहळाही झाला, लग्न लावायला स्वतः स्टॅन ली. वीस वर्षांनी, २००७ मध्ये, मेफिस्टो या सैतानाशी सौदा करून काकूंच्या प्राणांच्या बदल्यात ते लग्न जगाच्या स्मृतीतून पुसले गेले. विवाहित नायक तरुण वाटत नाही, हे त्यामागचे संपादकीय कारण. वाचकांचा राग अजून ओसरलेला नाही, आणि तो रास्त आहे. ग्वेनच्या वाट्यालाही असेच आले. २००४ च्या एका कथेत तिला नॉर्मन ऑस्बोर्नपासून, म्हणजे ग्रीन गॉब्लिनपासूनच, जुळी झाल्याचे दाखवले. ते पुढे मार्व्हल या प्रकाशन संस्थेलाच खोटे ठरवावे लागले.

पडद्यावर कौल विभागला गेला : २००२ पासून मेरी जेन, २०१२ आणि २०१४ मध्ये ग्वेन. २०१४ मध्येच दुसऱ्या एका विश्वातली, स्वतःच कोळ्याची शक्ती लाभलेली ग्वेन कॉमिक्समध्ये आली, आणि आजचे अनेक तरुण वाचक तिलाच खरी ग्वेन मानतात. तिथे ती कुणाची प्रेयसी म्हणून ओळखली जात नाही. २००४ च्या भारतीय मालिकेत मुंबईच्या पवित्र प्रभाकरला मीरा जैन भेटली, ती मेरी जेनच्या जागी. तिथे ग्वेनचा प्रश्नच आला नाही. ब्लॅक कॅट ही मुखवटाधारी चोर तिसरी दावेदार. तिला हवा होता तो स्पायडरमॅन, पीटर नव्हे. म्हणून तिचे नाव फार पुढे जात नाही.

जेफ लोब आणि टिम सेल यांच्या २००२ च्या ‘स्पायडरमॅन : ब्लू’मध्ये पीटर व्हॅलेंटाइन दिनी माळ्यावर बसून गेलेल्या ग्वेनशी टेपरेकॉर्डरवर बोलतो. मेरी जेन ते ऐकते. रागवत नाही; माझाही नमस्कार सांग, मलाही तिची आठवण येते, एवढेच म्हणते. दोघी मैत्रिणी होत्या.