साइनने भागलं की उत्तरं कुठे जातात?

साइन २अ = साइन अ हे समीकरण ० ते ३६० अंशांत (३६० सोडून) सोडवायला दिलं, की पहिली पायरी बहुतेकांना जमते. साइन २अ = २ साइन अ कॉस अ ही नित्यसमानता पाठच असते. मग दोन्ही बाजूंच्या साइन अ वर काट मारली जाते, कॉस अ = १/२ उरतं आणि ६०° व ३००° ही उत्तरं मिळतात. दोन्ही बरोबर आहेत, पण उत्तरं चार आहेत. अ = ०° घालून पाहा, दोन्हीकडे शून्य येतं. १८०° घातलं तरी तेच.

शून्याने भागू नये हे सगळ्यांना ठाऊक असतं. इथे शून्य उघड दिसत नाही, ते साइन अ मध्ये दडलेलं असतं. काट मारताना आपण ‘साइन अ शून्य नाही’ असं न बोलता गृहीत धरतो आणि जिथे ते शून्य आहे, नेमकी तीच उत्तरं गमावतो. म्हणून भागायचं नाही. सगळं एका बाजूला आणून समाईक अवयव बाहेर काढायचा: साइन अ (२ कॉस अ − १) = ०. गुणाकार शून्य असेल तर एक तरी अवयव शून्य असतोच. पहिल्यातून ०° आणि १८०°, दुसऱ्यातून ६०° आणि ३००°.

हा केवळ परीक्षेतल्या गुणांचा प्रश्न नाही. तारेच्या गोल कडीत एक मणी ओवला आणि कडी तिच्या उभ्या व्यासाभोवती फिरवली, तर मणी कुठे स्थिरावेल? मण्याचा कोन कडीच्या तळापासून मोजू, घर्षण सोडून देऊ. फिरण्यामुळे मणी वर सरकू पाहतो, वजनामुळे खाली. दोन्हींचा समतोल असा: कोनीय वेगाचा वर्ग × त्रिज्या × साइन अ × कॉस अ = गुरुत्वत्वरण × साइन अ. त्रिज्या १० सेंमी आणि वेग सेकंदाला १४ रेडियन, म्हणजे मिनिटाला सुमारे १३४ फेरे घ्या. १४ × १४ × ०.१ = १९.६, म्हणजे ९.८ च्या बरोबर दुप्पट. समोर आलं ते वरचंच समीकरण! मणी ६०° वर चढून राहतो. तळाशी आणि माथ्यावरही समतोल आहे, पण तो डळमळीत. जरासा धक्का लागला की मणी तिथून निघतो.

आता वेग मिनिटाला ६० फेरे करा. साइनने भागणाऱ्याला कॉस अ = २.४८ मिळेल. कॉस १ च्या वर जात नाही, म्हणजे मण्याला थारा कुठेच नाही असा निष्कर्ष निघेल. प्रत्यक्षात मणी तळाशी निवांत बसलेला असतो. ते उत्तर साइन अ = ० मध्ये होतं, आणि त्यावरच आपण काट मारली. झटपट ‘ट्रिक’ विकणाऱ्या व्हिडिओंवर माझा आक्षेप आहे तो यासाठीच: वेळ वाचतो, पण अट तपासणं गळून पडतं.

समीकरणात साइन आणि कॉस मिसळलेले असले, तर आधी एकच उरू द्यावा. २ कॉस²अ + ३ साइन अ − ३ = ० मध्ये कॉस²अ च्या जागी १ − साइन²अ घाला: २ साइन²अ − ३ साइन अ + १ = ०. अवयव (२ साइन अ − १)(साइन अ − १). उत्तरं ३०°, १५०°, ९०°. दुसऱ्या चरणातलं १५०° हमखास विसरलं जातं.

वर्ग करण्याचा धोका उलटा, त्याने खोटी उत्तरं घुसतात. साइन अ + कॉस अ = १ चा वर्ग केला की २ साइन अ कॉस अ = ० येतं आणि ०°, ९०°, १८०°, २७०° हाती लागतात. मूळ समीकरणात घालून पाहिल्यावर शेवटची दोन −१ देतात. अर्धकोनाने गेलं तर ती येतच नाहीत: १ − कॉस अ = २ साइन²(अ/२) वापरून २ साइन(अ/२) [कॉस(अ/२) − साइन(अ/२)] = ०, म्हणजे ०° आणि ९०°.

कोन दुप्पट असेल तर मर्यादाही आधी दुप्पट करावी. साइन २अ = १/२ साठी २अ ० ते ७२० अंशांत फिरतो: ३०, १५०, ३९०, ५१०. म्हणून अ = १५°, ७५°, १९५°, २५५°. आधी अर्धे करून थांबलात तर शेवटची दोन राहून जातात.