खुर्चीतून उठायला मदत करणारी साधनं: वयोश्री योजनांचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

घरातलं वयस्क माणूस सोफ्यातून उठताना दोन-तीनदा पुढं झुकून मागं पडायला लागलं, संडासातून बाहेर यायला उशीर लावायला लागलं, की आपण पहिल्यांदा काय आणतो? काठी. काठी चालायला चांगली. उठताना मात्र दोन्ही हातांनी खाली रेटा द्यावा लागतो, आणि काठी असते एका हातात, एका टोकावर टेकलेली. ती घसरली की माणूस परत सोफ्यात, नाहीतर जमिनीवर.

उठण्यासाठीची साधनं वेगळी आहेत: दोन्ही बाजूंना हात असलेली उंच कमोड खुर्ची, कमोडवर बसवायची उंच सीट, भिंतीतला आधाराचा दांडा, पलंगाच्या पायांखालचे ठोकळे. यातली काही सरकारी मदतीतून मिळू शकतात, काही आपल्यालाच करून घ्यावी लागतात. त्यासाठी महाराष्ट्रातल्या ज्येष्ठांना दोन योजना लागू पडतात, आणि नावं सारखी असल्यानं लोक त्यांची हमखास गल्लत करतात.

दोन वयोश्री

पहिली केंद्राची, राष्ट्रीय वयोश्री योजना. १ एप्रिल २०१७ रोजी आंध्र प्रदेशातल्या नेल्लोरला ती सुरू झाली. इथं पैसे मिळत नाहीत, वस्तू मिळते. वस्तू बनवणारी आणि वाटणारी संस्था म्हणजे कानपूरचं सरकारी महामंडळ अलिम्को. वय ६० पूर्ण हवं, आणि दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब किंवा महिन्याचं उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत हवं. योजना देशभर आहे, त्यामुळे इंदूर, बडोदा किंवा बेळगावात राहणाऱ्या मराठी घरांनाही ती लागू आहे.

दुसरी राज्याची, मुख्यमंत्री वयोश्री योजना. सामाजिक न्याय विभागाचा शासन निर्णय ६ फेब्रुवारी २०२४ चा. इथं वस्तू नाही, ३,००० रुपये एकदाच थेट बँक खात्यात येतात आणि साधन आपण विकत घ्यायचं. वय ६५ पूर्ण हवं, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत हवं, आणि रहिवास महाराष्ट्रातला हवा. मूळ निर्णयात वय मोजण्याची तारीख ३१ डिसेंबर २०२३ दिली आहे. म्हणून ज्यांची पासष्टी त्यानंतर झाली त्यांनी अर्ज भरण्याआधी समाजकल्याण कार्यालयात सध्याची तारीख कोणती धरतात ते विचारून घ्यावं. झेरॉक्सचे पैसे वाचतात.

उत्पन्नाच्या अटीत कोण बसतं? श्रावणबाळ किंवा इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतन घेणारे सहज बसतात. खासगी कारखान्यातून निवृत्त होऊन भविष्य निर्वाह निधीची तुटपुंजी पेन्शन घेणारेही बहुतेक बसतात. शाळेतून किंवा सरकारी खात्यातून निवृत्त झालेल्यांची पेन्शन मात्र बहुतेकदा या रेषेच्या वर जाते, तसं असेल तर रांगेत उभं राहून दिवस घालवू नये. मुलगा कमावता असेल आणि एकत्र राहत असेल तर राज्याच्या योजनेत त्याचं उत्पन्नही कुटुंबात येतं. इथं बरेच जण खोटं स्वयंघोषणापत्र भरतात. तसं करू नका. रक्कम वसूल करण्याची तरतूद निर्णयात आहे.

आणखी एक अट लोक चुकीची समजतात. मागच्या ३ वर्षांत कुठल्याही सरकारी स्रोतातून *तेच* उपकरण फुकट मिळालेलं नसावं, असं राज्याचा निर्णय म्हणतो. ‘तेच’ हा शब्द महत्त्वाचा. वडिलांना दोन वर्षांपूर्वी एखाद्या शिबिरात काठी मिळाली असेल तर ते कमोड खुर्चीसाठी अपात्र ठरत नाहीत. जुनं उपकरण सदोष किंवा निकामी असेल तर बदलीसाठीही अपवाद करता येतो. टेबलापलीकडून ‘तुम्हाला आधीच लाभ मिळालाय’ असं उत्तर आलं तर हे वाक्य दाखवावं, शांतपणे.

यादीत काय आहे, काय नाही

राज्याच्या निर्णयात चष्मा, श्रवणयंत्र, ट्रायपॉड (तीन पायांची काठी), व्हीलचेअर, फोल्डिंग वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा नी-ब्रेस, कंबरेचा लंबर बेल्ट आणि मानेचा सर्वायकल कॉलर ही नावं आहेत आणि शेवटी ‘इत्यादी’. केंद्राच्या यादीत काठी, कुबड्या, वॉकर, व्हीलचेअर, चष्मा, कवळी, श्रवणयंत्र हे आधीपासून आहे; नंतर कमोडसह व्हीलचेअर, कमोड खुर्ची किंवा स्टूल, सिलिकॉन फोमची गादी, नी-ब्रेस, बसायची सोय असलेली काठी यांची भर पडली.

उठण्याच्या दृष्टीनं या दोन्ही याद्यांतली सगळ्यात कामाची वस्तू कमोड खुर्ची. लोक तिला आजारी माणसाची वस्तू समजून नाक मुरडतात, हे आधी सांगायला हवं. मधलं भांडं काढून ती नेहमीच्या कमोडवर उभी केली की बसायची उंची वाढते आणि दोन्ही बाजूंना धरायला दांडे मिळतात. गावाकडं देशी पद्धतीचा संडास असेल तर भोक असलेली खुर्ची थेट त्या भांड्यावर ठेवता येते. उकिडवं बसणं आणि त्याहून अवघड असलेलं उठणं, दोन्ही टळतं. भांडं लावलं की रात्री पलंगाशेजारी. घेताना तीन गोष्टी बघाव्यात. पायांची उंची कमी-जास्त करता येते का. पायांना जाड रबरी बूच आहेत का. आणि हाताच्या दोन्ही दांड्यांवर आपला पूर्ण भार टाकून रेटलं तर खुर्ची मागं कलंडते का. तिसरी चाचणी दुकानातच करावी, दुकानदाराला आवडलं नाही तरी.

वॉकरबद्दल एक सावधगिरी. वॉकर उठायला धरून ओढायचा नसतो. तो हलका असतो, ओढला की अंगावर येतो. हात खुर्चीच्या दांड्यांवर टेकवून आधी उभं राहायचं, मग वॉकर धरायचा. खुर्चीला दांडे नसतील तर वॉकर मिळूनही उठण्याचा प्रश्न तसाच राहतो.

बटण दाबलं की मोटरवर वर उचलून देणारी रिक्लायनर खुर्ची आणि स्प्रिंगवर उठवणारी गादी ही साधनं दोन्ही याद्यांत नाहीत. रिक्लायनर तर ३,००० रुपयांच्या आसपासही येत नाही. भिंतीतले दांडे, उंच सीट यांचंही नाव घेतलेलं नाही. ‘इत्यादी’त बसेल म्हणून आधी विकत घेऊ नका, कारण बिल मान्य करणारा दुसराच कुणीतरी असतो. ते चालेल का हे आधी विचारावं.

ज्यांचे आईवडील मुलांकडं अमेरिकेत राहून तिथल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यात आले आहेत, त्यांच्यासाठी गणित उलटं आहे. तिथं डॉक्टरांनी लिहून दिलं तर उचलणाऱ्या खुर्चीतली फक्त यंत्रणा विम्यात येते, खुर्चीचं लाकूड-कापड नाही. अटही नेमकी आहे: खुब्याचा किंवा गुडघ्याचा तीव्र संधिवात किंवा स्नायूंचा गंभीर आजार असावा, घरातल्या साध्या हातांच्या खुर्चीतून उठता येत नसावं, पण एकदा उभं राहिल्यावर चालता यावं. म्हणजे तिथला कागद नेमकं विचारतो की माणूस अडतो कुठं. आपल्याकडच्या अर्जात हा प्रश्नच नाही, त्यामुळे तो आपणच मांडावा लागतो. तो मांडायचा कुठं, ते शिबिराच्या भागात सांगतो.

कागदपत्रं

मुख्यमंत्री वयोश्रीसाठी:

- आधार कार्ड किंवा मतदान ओळखपत्र
- राष्ट्रीयीकृत बँकेच्या पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स
- पासपोर्ट आकाराचे दोन फोटो
- स्वयंघोषणापत्र (उत्पन्न आणि आधी तेच उपकरण न घेतल्याबद्दल)
- ओळख पटवण्यासाठी शासनाने ठरवलेलं आणखी एखादं कागदपत्र

अर्ज जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयात जातो. तालुक्याला किंवा ग्रामपंचायतीत शिबिर लावूनही अर्ज घेतले जातात, तेव्हा ग्रामसेवक किंवा आशाताईंना विचारून ठेवावं. निवड झालेल्यांत निदान ३० टक्के महिला असाव्यात अशी तरतूद आहे. ‘माझं काय आता’ म्हणून आजी मागं राहत असेल तर हे तिला सांगावं. लाडकी बहीण योजनेची वयोमर्यादा ६५ ला संपते, म्हणजे जिचा तिकडचा हप्ता थांबला तिच्यासाठी ही वाट उघडी असू शकते.

राष्ट्रीय वयोश्रीसाठी आधार, फोटो आणि उत्पन्नाचा पुरावा: तहसीलदारांचा दाखला, दारिद्र्यरेषेखालचं रेशनकार्ड किंवा वृद्धापकाळ पेन्शन मिळत असल्याचा कागद.

कागदांत सगळ्यात जास्त अडतं ते जन्मतारखेवर. कित्येक म्हाताऱ्या माणसांच्या आधारवर नुसतं जन्मवर्ष असतं, नाहीतर १ जानेवारी. आधार काढताना कुणीतरी अंदाजानं टाकलेली ती तारीख असते. त्यात वय दोन-तीन वर्षांनी कमी लागलं असेल तर आधी दुरुस्ती करावी; त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला चालतो का, ते आधार केंद्रात विचारावं. दाखला नसेल तर ज्या शाळेत चौथीपर्यंत शिकले तिथल्या जनरल रजिस्टरचा उतारा मागता येतो. जुन्या जिल्हा परिषद शाळांत ही रजिस्टरं जपलेली असतात. पिवळी पडलेली, कडा कुरतडलेली, पण नाव सापडतं.

दुसरी अडचण खात्याची. ‘माझं खातं आधारला लिंक आहे’ एवढं पुरत नाही. सरकारी पैसे ज्या खात्याला आधार सीडिंग (म्हणजे सरकारी पैसे जमा होण्यासाठीची खास आधार-जोडणी) झालेलं असतं तिथंच जातात, आणि ते एकाच खात्याला असतं. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीणचे हप्ते आले तेव्हा घरोघरी हीच शोधाशोध झाली: पासबुक एका बँकेचं दिलं, पैसे विसरलेल्या जनधन खात्यात. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते. मोबाइलवर ओटीपी येत असेल तर दोन मिनिटांचं काम. नंबर जोडलेला नसेल तर बँकेत जाऊन विचारावं. जिल्हा बँकेत किंवा पतसंस्थेत खातं असणाऱ्यांनी राष्ट्रीयीकृत बँकेत एक खातं उघडून त्यालाच सीडिंग करून घेतलेलं बरं.

शिबिरात काय सांगायचं

केंद्राच्या योजनेत आधी तपासणी शिबिर होतं, मग काही काळानं वाटप शिबिर. तपासणीला डॉक्टर आणि तंत्रज्ञ बसतात, माणूस बघतात आणि कोणतं साधन द्यायचं ते लिहितात. कागद पूर्ण असले तरी कामाची वस्तू निसटते ती याच टेबलावर.

समोरचा विचारतो, ‘आजी, चालता येतं का?’ आजी म्हणते, ‘येतं की! देवळात जाऊन येते रोज.’ काठी लिहिली जाते. आजीला चालता येतंच, तिला उठता येत नाही. पण चारचौघांत, ओळखीच्या लोकांसमोर, संडासातून उठायला सूनबाईला हाक मारावी लागते हे ती सांगत नाही. म्हणून घरातलं एक माणूस सोबत जावं आणि त्यानं सरळ बोलावं: कमोडवरून उठता येत नाही, खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागतात, कमोड खुर्ची लिहा. आजीला तिथल्याच प्लास्टिकच्या खुर्चीतून हात न टेकता उठून दाखवायला सांगा. पुढं फार बोलावं लागत नाही. एकाहून जास्त साधनांची गरज असेल तर एकाहून जास्त मिळू शकतात, तेही तिथंच सांगावं.

जी पोच मिळेल तिचा फोटो काढून ठेवा. वाटपाच्या दिवशी आधार आणि तीच पोच लागते. शिबिराची तारीख कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन १४५६७ आहे, तिथं मराठीत बोलता येतं.

पैसे आल्यावर

राज्याचे ३,००० रुपये जमा झाले की घड्याळ सुरू होतं. साधन घेतल्याचं बिल सहायक आयुक्तांमार्फत प्रमाणित होऊन ३० दिवसांत पोर्टलवर चढायला हवं, नाहीतर रक्कम परत मागितली जाऊ शकते. पैसे आल्याचा मेसेज नातवाच्या मोबाइलवर येतो, नातू पुण्यात असतो, आणि पंधरा दिवस तसेच निघून जातात. म्हणून अर्ज केल्यापासून पासबुकात नोंद घालत राहावं.

बिल पक्कं हवं. त्यावर लाभार्थीचं नाव आधारवर आहे तसंच, तारीख पैसे जमा झाल्यानंतरची, दुकानाचा शिक्का, आणि वस्तूचं पूर्ण नाव. एका सर्जिकल दुकानात माझ्यासमोर काउंटरवरच्या मुलानं बिलावर ‘चेअर – १ नग’ एवढंच लिहिलं होतं. असं बिल कुणीही बाजूला ठेवेल. त्याच्याकडून ‘फोल्डिंग कमोड खुर्ची’ असं पुन्हा लिहून घेतलं, जुनी पावती फाडायला लावली. वस्तू ३,००० पेक्षा महाग असेल तर वरचे पैसे आपण घालायचे. बिल दिल्याची पोच मागून घ्या. एक झेरॉक्स घरात ठेवा, कारण औषधांच्या दुकानातल्यासारखीच या पावत्यांचीही शाई वर्षभरात उडते.

केंद्राच्या योजनेत मिळालेल्या वस्तूची पहिल्या वर्षाची देखभाल अलिम्कोकडं असते. त्यामुळे खुर्चीची वेल्डिंग सुटली किंवा वॉकरचा खटका बसेनासा झाला तर गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडं नेण्याआधी वाटपाच्या वेळी मिळालेला कागद काढून त्यांना कळवावं. रबरी बूच मात्र झिजतातच, ते कुठल्याही सर्जिकल दुकानात सुटे मिळतात आणि ते लगेच बदलावेत.