गावठाण आणि गायरान: सातबारा नसलेली घरे आणि सातबारा असलेली कुरणे

पुणे, नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगर यांच्या हद्दीला लागून असलेल्या गावांत गुंठा-दोन गुंठे जागा शोधायला निघालेल्या माणसाच्या कानावर गावठाण आणि गायरान हे शब्द हमखास पडतात. मध्यस्थ दोन्हींविषयी साधारण एकाच सुरात बोलतो: ही गावची जागा आहे, ग्रामपंचायतीत नोंद करून मिळेल, वीज आणि नळ येईल, सगळे असेच राहतात. यातली अडचण अशी की ‘गावची जागा’ हे वर्णन दोन्ही जमिनींना लागू पडते, पण वेगवेगळ्या अर्थांनी. गावठाण ही गावाने राहण्याची जागा आहे आणि तिथले प्रत्येक घर कोणाचे तरी खासगी आहे. गायरान ही गावाने वापरण्याची, मुख्यतः गुरे चारण्याची, जागा आहे आणि म्हणूनच ती कोणा एकाची नाही.

जुन्या भाषेत गावाचे दोन भाग मानले जात, काळी आणि पांढरी. पिकाची जमीन ती काळी, आणि घरांच्या भिंतींची माती, चुलींची राख व चुना पिढ्यानपिढ्या मिसळून जिचा रंग पालटला ती वस्तीची जमीन पांढरी. गावठाण म्हणजे ही पांढरी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ नुसार तिची हद्द जिल्हाधिकारी ठरवतात. शेतांची मोजणी झाली तेव्हा गावठाणाची फक्त बाहेरची हद्द आखली गेली आणि आतले एकेक घर मोजण्याची गरज सरकारला सहसा वाटली नाही, कारण तिथे शेतसारा वसूल करायचा नव्हता. त्यामुळे गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. घर कोणाकडे आहे हे सांगणारा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८, आणि तो मुळात कर आकारणीसाठी आहे, मालकी सिद्ध करण्यासाठी नाही. (तलाठ्याकडचा ‘आठ अ’ हा निराळा दस्तऐवज आहे. तो खातेदाराच्या एकूण शेतजमिनीचा उतारा असतो. या दोन आठांची गल्लत शिकलेली माणसेही करतात.) ही उणीव भरून काढण्यासाठी पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने ‘स्वामित्व’ योजना देशभरासाठी जाहीर केली. जिथे हे काम पूर्ण झाले आहे तिथे घरमालकाला सनद आणि मालमत्ता पत्रक मिळते.

गायरानाची गोष्ट याच्या नेमकी उलटी आहे. ते काळीच्या बाजूला असते, त्याला गट क्रमांक असतो आणि बहुधा सातबाराही असतो. फक्त भोगवटादाराच्या, म्हणजे जमीन धारण करणाऱ्याच्या, रकान्यात माणसाचे नाव नसून सरकारचे किंवा ग्रामपंचायतीचे असते आणि सोबत ‘गायरान’ किंवा ‘गुरचरण’ अशी नोंद असते. सरकारी जमिनींच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना १-ब मध्येही ते दिसते. थोडक्यात, सातबारा नाही म्हणून गावठाणातले घर संशयास्पद ठरत नाही आणि सातबारा आहे म्हणून गायरान विकत घेण्याजोगे होत नाही. संहितेच्या कलम २२ खाली ही जमीन मोफत चराईसाठी राखून ठेवलेली असते. ग्रामपंचायतीकडे तिची देखभाल असते, विक्रीचा अधिकार नसतो. त्यामुळे सरपंचाचे पत्र, पाचशेच्या मुद्रांकावरचा करार आणि घरपट्टीची पावती असे सगळे कागद एकत्र केले, तरी त्यातून मालकी तयार होत नाही. ग्रामपंचायत अतिक्रमित घराचीही घरपट्टी घेते, आणि नेमक्या याच पावतीने अनेकांची फसगत होते.

शहराच्या कडेला गायरानाचे महत्त्व कमी होत असेल, असे वरवर पाहता वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. शेतकऱ्याने रान गुंठ्यांनी विकले की बांधावरचे गवत, पीक निघाल्यावर मोकळी होणारी शेते आणि कडब्याची गंजी हे सगळे एकदम नाहीसे होते. ज्याच्या नावावर मुळात जमीनच नाही आणि जो चार शेळ्यांवर वर्षाचा खर्च भागवतो, त्याच्यासाठी मग गायरानाचा माळ तेवढा उरतो. मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगरांचे वाडे (कुटुंबे आणि कळप यांचे फिरते तळ) अशाच जमिनींच्या आधाराने मुक्काम करतात. शेतात मेंढरे बसवून शेतकऱ्याला मिळणारे खतही याच साखळीतले आहे. शिवाय गायरान बहुतेक वेळा हलक्या मुरमाड उताराचे असते, गावतळ्यात उतरणारे पाणी अशाच उतारांवरून येते आणि तिथे काँक्रीट झाले की ते पाणी रस्त्यावर येते. या जमिनीतून येणारे दूध, मटण, खत आणि पाणी कोणत्याही उताऱ्यात लिहिलेले नसते, म्हणून नकाशावर ती ‘पडीक’ दिसते.

गायरानावरील प्रत्येक वापराला एकाच मापाने अतिक्रमण म्हणणे मात्र मला पटत नाही. भूमिहीन दलित कुटुंबांनी गायराने कसायला घेतली, त्यामागे दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांचा वारसा आहे. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय राज्य सरकारने २८ नोव्हेंबर १९९१ रोजी घेतला होता. पोटासाठी दोन एकर ज्वारी करणारा आणि कुंपण घालून प्लॉट पाडणारा कागदावर एकाच नोंदवहीत येतात, पण पहिल्याने जमीन अन्नासाठीच ठेवलेली असते.

न्यायालयांचा भर मुख्यतः सामायिक जमीन वाचवण्यावर राहिला आहे. पंजाबातील एका गावतळ्यावरच्या बांधकामातून उद्भवलेल्या जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी सर्व राज्यांना गावच्या सामायिक जमिनी मोकळ्या करण्याच्या योजना आखायला सांगितले, आणि १२ जुलै २०११ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्राने गायराने वाटण्यावर निर्बंध आणले. पुढे संहितेत कलम २२अ आले. एरवी गायरानाचा वापर बदलता येत नाही, सार्वजनिक प्रकल्पासाठी दुसरी योग्य सरकारी जमीन नसेल तर बदलता येतो आणि खासगी प्रकल्पाला ती अपरिहार्य असेल तर बदल्यात दुप्पट क्षेत्र द्यावे लागते, असे त्याचे स्वरूप आहे. तरीही २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर राज्यातील गायरानांवरच्या अतिक्रमणांची संख्या २ लाख २२ हजारांहून अधिक आणि त्यांखालचे क्षेत्र सुमारे १० हजार हेक्टर असल्याची माहिती आली.

या दोन जमिनींची गल्लत निव्वळ अज्ञानातून होत नाही, त्यांच्यामध्ये एक खराखुरा दुवाही आहे. गावाची लोकसंख्या वाढते, पांढरी मात्र तेवढीच राहते, आणि वाढीव गावठाणासाठी हाताशी असलेली सरकारी जमीन पुष्कळदा गायरानच असते. जिल्हाधिकाऱ्यांच्या रीतसर आदेशाने असा विस्तार झाला तर ते गावठाणच. तो वेळेवर झाला नाही की लोक आधी बांधतात आणि मागून मान्यतेची वाट पाहतात. नवी मुंबईसाठी ज्या ९५ गावांची जमीन घेतली गेली, तिथे ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ हा शब्दप्रयोग याच कोंडीतून रूढ झाला. या गल्लतीत आणखी भर संहितेच्या कलम ४२ड ने घातली. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमीन रहिवासी वापरासाठी, आवश्यक रकमा भरल्यावर, अकृषिक (बिगरशेती) मानली जाते. ही सवलत ज्या जमिनीला भोगवटादार आहे तिच्यासाठी आहे, आणि बांधकाम परवानगी तरीही वेगळीच घ्यावी लागते. जाहिरातीत मात्र ‘गावठाणालगत, २०० मीटरच्या आत’ एवढेच छापले जाते आणि शेजारचा गायरानाचा गटही त्यात खपवला जातो.

गाव महापालिकेत गेले की दोघांच्या वाटा आणखी दूर जातात. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. अशा वेळी गावठाण अरुंद गल्ल्यांसह टिकून राहते, ‘कोथरूड गावठाण’ हे नाव आजही पत्त्यात चालते. गायरान मात्र विकास आराखड्यात मैदान, सांडपाणी प्रकल्प, रस्ता किंवा कचरा डेपो या नावांनी उरते. ग्रामीण भागात आता सौर प्रकल्पांसाठीही गायराने दिली जात आहेत. शेतीला दिवसा वीज मिळणे रास्तच आहे, पण त्या पटलांखाली कोणाच्या शेळ्या चरत होत्या हे ग्रामसभेत आधी विचारले गेले पाहिजे.

जागा पाहायला जाणाऱ्याने पहिला प्रश्न ‘सातबारा आहे का’ असा न विचारता ‘गट क्रमांक कोणता’ असा विचारावा. क्रमांक सांगितला तर महाभूलेखच्या संकेतस्थळावर त्याचा उतारा उघडून भोगवटादाराचा आणि इतर हक्कांचा रकाना वाचावा. क्रमांकच नाही, जागा गावठाणात आहे असे उत्तर आले, तर भूमी अभिलेख कार्यालयातून मालमत्ता पत्रक मागवावे आणि तलाठ्याकडच्या गावनकाशावर गावठाणाची हद्द ती जागा ओलांडून पुढे जाते की अलीकडेच थांबते, हे बोट ठेवून पाहावे.