पान मागा, भिडू मिळेल

पत्त्यांच्या काही खेळांत भिडू आधी ठरलेला नसतो, तो मागावा लागतो. बोली जिंकणारा एखादं पान जाहीर करतो आणि ते ज्याच्याकडे असेल, तो गुपचूप त्याच्या बाजूचा होतो. पान पडेपर्यंत त्याने ब्र काढायचा नाही. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातल्या शाफकोफमध्ये असा एक्का मागतात, पाच जणांच्या फ्रेंच टॅरोमध्ये राजा. अठराव्या शतकात युरोपात गाजलेल्या क्वाड्रिलमध्येही राजाच मागत.

मग मागायचं कोणतं पान? आपल्याकडे नसलेलं सर्वांत मोठं, हे उत्तर सहज सुचतं. पण मागितलेलं पान तेवढं एकटं येत नाही. त्याच्यासोबत एक अख्खा माणूस येतो, त्याची बाकीची पानं येतात, आणि तो कोण आहे हे कोणाला कधी कळणार, हेही त्या एका निवडीत ठरून जातं.

हिशेब सोपा राहावा म्हणून ५२ पानं, चार खेळाडू आणि प्रत्येकी १३ पानं धरू. तुमच्याकडे हुकमाची ५ पानं आहेत, एक्का मात्र नाही. उरलेले ८ हुकूम तिघांत विखुरले आहेत. तुम्ही हुकमाचा एक्का मागितलात, तर भिडूकडे सरासरी किती हुकूम निघतील? आठ भागिले तीन, म्हणजे २.७ च्या आसपास, असं वाटतं. प्रत्यक्षात सरासरी ३.२ येते. ज्याच्याकडे हुकूम जास्त आले, त्याच्याकडे एक्का असण्याची शक्यताही जास्त. एक्का मागताना आपण नकळत हुकूम जास्त असलेल्याकडेच बोट दाखवत असतो. वर्गातल्या मुलांना 'तुम्ही भावंडं किती?' असं विचारून सरासरी काढली, तर ती घरोघरी जाऊन काढलेल्या सरासरीपेक्षा मोठी भरते, कारण मोठ्या कुटुंबातली मुलं वर्गात जास्त असतात. संख्याशास्त्रातली ही नेहमीची चकवणारी गोष्ट पत्त्यांत उघड फायद्याची ठरते.

त्याऐवजी दुसऱ्या रंगाचा एक्का मागितलात, तर भिडूकडे सरासरी अडीचच हुकूम येतात आणि हुकमाचा एक्का विरोधकांकडे असण्याची शक्यता ६८ टक्के होते.

हुकमाचा एक्का तुमच्याकडेच असेल, तर प्रश्न बदलतो: इतर रंगांपैकी कोणत्या रंगाचा एक्का मागावा? इथे पुष्कळजण आपल्याकडे जो रंग जास्त आहे, त्याचाच एक्का मागतात. दोघांचं मिळून तो रंग भक्कम होईल, हा त्यामागचा विचार. पण तुमच्याकडे त्या रंगाची ६ पानं असतील, तर विरोधकांपैकी कोणाकडे तरी तो रंगच नसण्याची, म्हणजे पहिल्याच उतारीला एक्का हुकमाने कापला जाण्याची, शक्यता जवळजवळ १३ टक्के असते. ४ पानं असतील तर सुमारे साडेचार टक्के. एकच पान असेल तर एक टक्क्याहूनही कमी! शिवाय ते एकटं पान उतरून एक्का बाहेर काढलात की त्या रंगातून तुम्ही मोकळे होता, आणि पुढच्या वेळी कापणारे तुम्हीच असता. म्हणून हुकूम हाताशी असताना मी आखूड रंगाचाच एक्का मागेन.

आता मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग. पान मागून झालं की भिडूला सगळं ठाऊक असतं. तुमच्या दृष्टीने तिघांपैकी प्रत्येकजण भिडू असण्याची शक्यता एकतृतीयांश. पण प्रत्येक विरोधकाला एवढं नक्की माहीत असतं की 'तो मी नाही'. त्यामुळे त्याच्यासाठी दोघेच उरतात आणि शक्यता प्रत्येकी पन्नास टक्के होते. बोली तुमची, पान तुम्ही मागितलेलं, आणि सर्वांत कमी माहिती तुमच्याकडेच!

ही दरी खेळ पुढे सरकला म्हणून आपोआप बुजत नाही. तुम्ही जिंकत असलेल्या हातावर एकाने भरपूर गुणांचं पान टाकलं, म्हणजे ते गुण तुम्हाला दिले, असं समजा. भिडू असं दहापैकी आठ वेळा करेल आणि विरोधक नाइलाजाने दोन वेळा, असं धरू. तुमचा संशय एकतृतीयांशावरून ६७ टक्क्यांवर जाईल. तेच पान पाहणाऱ्या दुसऱ्या विरोधकाचा संशय मात्र निम्म्यावरून ८० टक्क्यांवर पोचेल. पुरावा एकच, पण विरोधक पुढे आणि तुम्ही मागे. भिडूने केलेली कोणतीही खूण तुमच्याआधी त्यांना वाचता येते. म्हणूनच जे पान मी स्वतः उतारी करून बाहेर काढू शकेन, ते मला जास्त मोलाचं वाटतं. शाफकोफमध्ये तर हा नियमच आहे: ज्या रंगाचा एक्का मागायचा, त्याचं किमान एक पान मागणाऱ्याकडे असलंच पाहिजे.

टॅरोमध्ये याच्या नेमकी उलट वाटही मोकळी असते. स्वतःकडेच असलेला राजा मागता येतो. मग भिडू कोणीच नसतो, एकाला चौघांशी लढावं लागतं. पण तो राजा पडेपर्यंत हे फक्त मागणाऱ्यालाच ठाऊक असतं. चौघांपैकी प्रत्येकजण उरलेल्या तिघांत भिडू शोधत बसतो आणि आपल्याच साथीदाराच्या हातावर गुणांचं पान टाकायला कचरतो.