एक बटण, एक वाक्य : साध्या बोलत्या साधनांची पार्श्वभूमी

ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्या वतीने बटण दाबताच एखादं वाक्य म्हणणारी साधनं असतात. त्यांची पार्श्वभूमी अशी. 1960 साली इंग्लंडमधल्या स्टोक मॅन्डव्हिल रुग्णालयात रेग मेलिंग यांनी पाठीच्या कण्याला इजा झालेल्या रुग्णांसाठी ‘पॉसम’ हे यंत्र केलं. नळीत फुंकर मारली किंवा हवा ओढली की घंटा वाजे, दिवा लागे. पुढे टाइपरायटरही चालू लागला. पॉसम बोलत नव्हतं, पण आजच्या साधनांचं मूळ तत्त्व त्यात आहे : शरीराची जी एक हालचाल भरवशाची उरली आहे, ती शोधायची आणि स्विच तिथेच बसवायचा.

यंत्राला आवाज मिळाला तो कृत्रिम, आणि इंग्रजी. 1978च्या ‘हँडीव्हॉइस’ या बोलणाऱ्या यंत्राच्या एका प्रकारात प्रत्येक शब्दासाठी तीन आकडी क्रमांक दाबावा लागे. म्हणजे बोलण्याआधी शेकडो क्रमांक पाठ हवेत. ज्या मुलाची बोटंच नीट चालत नाहीत, त्याच्यासाठी हा मार्ग फार लांबचा होता. मराठी घरातल्या मुलाला तर त्याचा काहीच उपयोग नव्हता.

खरा बदल घडवला तो ध्वनिमुद्रण करणाऱ्या एका चिपने. कॅलिफोर्नियातल्या आयएसडी कंपनीच्या चिपमध्ये आवाजाचा प्रत्येक नमुना (क्षणाक्षणाला घेतलेलं मोजमाप) शून्य-एकमध्ये न मोडता एकेका स्मृतिपेशीत थेट विद्युतदाबाच्या रूपात साठवला जाई. 1,28,000 पेशी आणि सेकंदाला 8,000 नमुने, म्हणजे 16 सेकंद. सेल काढला तरी आवाज टिकून राही. टेपच्या फितीसारखं मागे-पुढे करणं नाही, अडकणं नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट, यंत्राला भाषा येण्याची गरजच उरली नाही. आईने मराठीत बोलावं, यंत्राने मराठीत म्हणावं. वऱ्हाडीत बोलली तर वऱ्हाडीत.

अशाच ध्वनिमुद्रणावर अमेरिकेतल्या एबलनेट कंपनीचं ‘बिगमॅक’ उभं राहिलं. सुमारे 12.5 सेंटिमीटर व्यासाचं एकच बटण, कुठेही दाबलं तरी चालणारं. सुरुवातीला 20 सेकंदांचा निरोप मावे, पुढे दोन मिनिटांचा. ‘स्टेप-बाय-स्टेप’मध्ये दर दाबाला पुढचा निरोप येतो, गोष्टीला, प्रार्थनेला छान. पण हात थरथरत असेल तर एका प्रयत्नात दोन दाब पडतात आणि मधलं वाक्य निसटतं.

आपल्याकडे एका बटणावर एक निरोप वाजवण्याचं हे तत्त्व आयएसडी 1820 या चिपच्या तयार बोर्डावर स्वस्तात करून पाहता येतं. 3 ते 5 व्होल्ट लागतात, म्हणून पेन्सिल सेल तीन. चौकोनी 9 व्होल्टचा सेल थेट लावू नये, चिप जळते. 8 ओहमचा स्पीकर. बाहेरचं मोठं बटण बोर्डावरचं ‘पी-ई’ खुणेचं टोक आणि धन टोक यांच्यामध्ये जोडावं. शेजारच्या ‘पी-एल’ला जोडलं तर बटण दाबून धरेपर्यंतच आवाज येतो, स्नायूंच्या ताठरपणामुळे हात घसरला की वाक्य अर्ध्यात तुटतं.

मुद्रणाचा कालावधी बोर्डावरच्या एका रोधकावर (रेझिस्टरवर) ठरतो. 100 किलोओहमला 10 सेकंद, 200ला 20. मोह 20चा होतो, पण तिथे सेकंदाला फक्त 3,200 नमुने उरतात आणि दीड किलोहर्ट्झच्या वरचे बारीक आवाज जवळजवळ सगळे जातात. स, श, च यांची ओळख त्याच वरच्या पट्टीत असते. ‘साखर दे’ अस्पष्ट ऐकू आलं तर ऐकणारा दोनदा विचारतो, तिसऱ्यांदा विचारत नाही. म्हणून 10 सेकंदच ठेवावेत. एका वाक्याला तेवढे पुरतात.

मुद्रणाचं बटण उघडं ठेवू नये. मदत करणाऱ्याचा अंगठा लागतो, निरोप पुसला जातो, आणि मुलाने दाबलं तेव्हा फक्त खरखर येते. त्यावर टोपण हवंच. साधन टेबलावर मोकळं ठेवलं तर ढकललं जातं. खाली घसरू न देणारी रबरी चटई आणि बटण हाताकडे थोडं तिरकं, एवढ्याने चुकून होणारे दाब बरेच कमी होतात.

आवाज शक्यतो त्याच वयाच्या मुलाचा किंवा मुलीचा असावा. आणि ‘मला शू लागली’ याच्या आधी ‘आता माझी खेळायची पाळी’ भरावं, कारण ते दाबल्याबरोबर कोणीतरी वळून चेंडू हातात देतं. बटणाने काहीतरी घडतं हे मुलाला इथेच कळतं.