सीओटू वेल्डिंगची गन बिघडली? नवीन घ्यायच्या आधी एवढं बघून घ्या

नमस्कार मंडळी, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलकडनं आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या दुकानात जे गन घेऊन येतात त्यातले बरेच जण आल्या आल्या म्हणतात, गन गेली, नवीन द्या. नवीन विकली तर आमचाच धंदा होतोय, पण गन खोलून बघितली की बहुतेक वेळा लायनर (केबलच्या आतली वायर जायची नळी) नाहीतर टिप (गनच्या तोंडाचा भोकाचा तुकडा, ज्यातनं वायर बाहेर येती) एवढंच निघतंय आणि त्यासाठी तुमचे पैसे घालवायला आम्हाला बरं वाटत नाही, म्हणून हा कागद काढलाय. वेल्डिंग करणाऱ्या पोराच्या हातात द्या, ऑफिसच्या फाईलला लावू नका.

काहीही खोलायच्या आधी मशीन बंद करा.

सगळ्यात जास्त तक्रार म्हणजे वायर अडकत-अडकत येतीय, आर्क फडफडतोय आणि टिपला वायर चिकटून बसतीय. मग टिप बदलायची, तासभर बरं चालतं, परत तेच. एक ट्रॉली बनवणारे दादा उसाचा सीझन तोंडावर आलेला असताना आले होते, दिवसाला पाच-सहा टिपा जात होत्या आणि त्यांना वाटत होतं की टिपच डुप्लिकेट मिळाली. आम्ही गनची केबल सरळ केली, लायनर ओढून बाहेर काढला आणि पेपरवर आपटला, तर काळसर-तांबूस भुकटी पडली, चिमूटभर नाही, चांगली चमचाभर. ही भुकटी कुठनं आली? फीडरमधनं, म्हणजे रोलरनं वायर गनकडं ढकलणाऱ्या भागातनं. वायर अडकती म्हणून त्यांनी रोलरचा स्क्रू आवळला होता, रोलर वायरवरचं तांब्याचं कोटिंग खरवडत होता, ती भुस लायनरमध्ये जात होती, त्यानं वायर अजून अडकत होती आणि अडकती म्हणून स्क्रू अजून आवळत होते. म्हणजे दुखणं टिपला दिसत होतं पण मूळ मागं फीडरला होतं. लायनर बदलला, स्क्रू सैल केला, त्याच जुन्या गनवर त्यांचा सीझन पार पडला.

म्हणून टिप लवकर जायला लागली की मागं मागं बघत जावा. रोलरचं प्रेशर एवढंच ठेवायचं की वायर पुढं कुठं अटकली तर रोलर वायरवर घसरला पाहिजे, वायरचा गुंता करून बसायला नको. रोलरची खाच वायरच्याच मापाची पाहिजे, १.२ मिमीच्या वायरला ०.८ मिमीची खाच चालणार नाही. स्टीलच्या वायरला व्ही खाच, ॲल्युमिनियमला यू खाच आणि टेफ्लॉन लायनर. टिप पण वायरच्या मापाची, आणि तिचं भोक गोल राहिलंय का लांबट झालंय ते उजेडात धरून बघा, लांबट झालं असेल तर करंट नीट लागत नाही, टिप टाकून द्या.

वायरची कॉईल बदलताना लायनरला एकदा हवा मारायची सवय लावा. टिप काढा, केबल जमिनीवर सरळ पसरा, डोळ्याला चष्मा लावा आणि मगच मारा. लायनरमध्ये तेल कधीच घालू नका, तेलाला धूळ चिकटती आणि वेल्डमध्ये ब्लो होल (गॅसची बारीक भोकं) येतात ते वेगळंच. नवीन लायनर घालताना केबल सरळ ठेवूनच कापायचा, गुंडाळलेल्या केबलवर माप घेतलं की तो तोकडा पडतो, टिपच्या मागं फट राहती आणि वायर तिथंच अडखळती. कापलेल्या तोंडाची बर (धारदार कडा) घासून काढा.

दुसरी तक्रार, ब्लो होल. लोक लगेच गॅसवाल्याला फोन लावतात. आधी नोझलच्या (टिपभोवतीच्या नळकांड्याच्या) आत बघा, स्पॅटर (उडालेले धातूचे थेंब) साचून डिफ्युझरची, म्हणजे गॅस सोडायच्या भागाची भोकं बंद झालेली असतात. नोझल जॉबवर (वेल्ड करायच्या तुकड्यावर) आपटून साफ करू नका हो, आतला इन्सुलेटर तडकतो आणि नोझल वाकडा होतो, पक्कडीनं नाहीतर रीमरनं हळू साफ करा. स्पॅटर चिकटू नये म्हणून जेली वापरत असाल तर नोझलचं फक्त तोंड बुडवा, भोकांत जेली गेली तर त्यानंच ब्लो होल येतात. गॅस १.२ च्या वायरला साधारण मिनिटाला १२ ते १५ लिटर ठेवा, जास्त सोडला की चांगलं असं नाही, झोत गरगरतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. उन्हाळ्यात फॅन थेट जॉबवर लावलेला असतो, तो पण गॅस उडवतो. रेग्युलेटरवर बर्फ धरत असेल तर हीटर चालू आहे का बघा.

गन तापतीय म्हणाल तर आधी गळ्याचा जोड आणि अर्थ क्लॅम्प आवळून बघा, सैल जोड फार तापतो. गनवर ६०% लिहिलंय म्हणजे त्या ॲम्पियरला १० मिनिटांत ६ मिनिटंच चालवायची. आणि तो आकडा बहुतेक वेळा सीओटूचा असतो, आर्गॉन मिक्सवर गन जास्त तापती, तिथं मोठी गन लागती.

ट्रिगर दाबून काहीच होत नसेल तर मशीनला जोडतोय तिथल्या पिना वाकल्यात का बघा, मग मीटर लावून स्विच चेक करा. केबलवरनं ट्रॉलीचं चाक गेलं असेल तर आतली बारीक वायर तुटलेली असती.

आपल्याकडच्या पावसाळ्याचं मात्र वेगळं सांगावं लागतं. शनिवारी कॉईल फीडरवर तशीच ठेवून गेलात तर सोमवारी वरच्या थराला गंज दिसतो आणि तो गंज लायनरमध्ये जातो. सुट्टीच्या आधी कॉईल काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.

एवढं करूनही जमलं नाही तर गन घेऊन या, पण येताना जुनी टिप आणि हातभर वायर पण आणा. टिपचं भोक आणि वायरवरचे ओरखडे बघितले की निम्मं काम तिथंच कळतं.