ओल्ड डच चर्चची दफनभूमी, स्लीपी हॉलो

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीच्या पूर्व काठावरील स्लीपी हॉलो गावची जुनी चर्च-दफनभूमी. पोकँटिको ओढ्याजवळच्या उंचवट्यावर दगडी चर्च आणि त्याला लागून कबरी, असे तिचे स्वरूप आहे. ती फिलिप्स या डच घराण्याच्या जहागिरीत निर्माण झाली. जहागीर गेली, घराणेही निघून गेले. कबरी मात्र राहिल्या आणि त्यांतल्या बहुतेक त्या घराण्याची जमीन कसणाऱ्या कुळांच्या व त्यांच्या वंशजांच्या आहेत.

घराण्याचा मूळ पुरुष पहिला फ्रेडरिक फिलिप्स (१६२६–१७०२). डच उच्चार फ्लिप्सेन. नेदरलँड्समधील फ्रिसलँड प्रांतात जन्मलेला हा माणूस सुतार म्हणून न्यू नेदरलँड या अमेरिकेतील डच वसाहतीत आला आणि गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंटच्या हाताखाली काम करू लागला. १६६२ मध्ये त्याने मार्गारेट हार्डनब्रुक या विधवेशी लग्न केले. ती स्वतः व्यापारी होती, जहाजांची मालकीण होती. या घराण्याच्या उत्कर्षाचे श्रेय एकट्या फ्रेडरिकला देण्याची रीत आहे. ती बरोबर नाही. १६६४ मध्ये वसाहत इंग्रजांच्या हाती गेली, तेव्हा फ्रेडरिकने नव्या सत्तेशी जुळवून घेतले. जमिनी घेत घेत १६९३ मध्ये त्याने सुमारे ५२,००० एकरांच्या फिलिप्सबर्ग जहागिरीची राजसनद मिळवली.

या पैशाचा उगम टाळून दफनभूमीचा इतिहास सांगता येत नाही. फिलिप्सच्या जहाजांनी आफ्रिकेतून माणसे आणून गुलाम म्हणून विकली. मादागास्करजवळच्या सेंट मेरी बेटावर अ‍ॅडम बाल्ड्रिज नावाच्या इसमाचे ठाणे होते. तेथे चाच्यांना लागणारा माल फिलिप्स न्यूयॉर्कहून पाठवी आणि परतीच्या जहाजात गुलाम व पूर्वेकडचा माल भरून आणी. याच बेटाच्या आश्रयाने राहणारे चाचे तांबड्या समुद्रात भारतातून ये-जा करणारी मोगल जहाजे लुटत. त्यामुळे हडसनकाठच्या या खेडेगावाचा धागा हिंदी महासागरातील लुटीपर्यंत जाऊन पोचतो. १६९३ मध्ये बाल्ड्रिजकडे पोचलेल्या मालाच्या यादीत रम, मदिरा, जोडे, मोजे यांच्या जोडीला बायबलच्या दोन प्रतीही आहेत.

चर्चच्या उभारणीचे वर्ष सहसा १६८५ दिले जाते. घंटेवर तेच वर्ष आहे. ती नेदरलँड्समध्ये ओतलेली असून तिच्यावर बायबलमधील रोमकरांस पत्रातील ‘देव आपल्याला अनुकूल असल्यास आपल्याला प्रतिकूल कोण?’ हे वचन लॅटिनमध्ये कोरले आहे. दर्शनी भिंतीवरील फलक मात्र १६९९ सांगतो आणि फ्रेडरिकसोबत त्याची दुसरी पत्नी कॅथरिना व्हॅन कोर्टलँड हिचे नाव घेतो. मंडळीची, म्हणजे चर्चच्या सभासद-समुदायाची, रीतसर स्थापना १६९७ ची. गावाला स्वतःचा पाळक (धर्मगुरू) नव्हता. गिलियम बर्थोल्फ हे पाळक नदीपलीकडच्या हॅकेनसॅकहून वर्षातून काही वेळा येत, तेव्हा बाप्तिस्मे व प्रभुभोजन होई. १७१५ मध्ये डर्क स्टॉर्म याच्याकडे मंडळीची वही लिहिण्याचे काम आले. डच भाषेतील या वहीत सभासद, बाप्तिस्मे आणि लग्ने यांच्या नोंदी आहेत. पहिल्या पिढीच्या कबरींवर लाकडी खुणा किंवा शेतातले अनघड दगड असत आणि ते टिकले नाहीत. म्हणून त्या लोकांचा माग काढायचा तर ही वहीच उघडावी लागते.

चर्चमध्ये जहागीरदाराच्या कुटुंबासाठी छत असलेली आसने होती, तर कुळांसाठी पाठ नसलेले बाक. मरणानंतरही हा भेद राहिला. फ्रेडरिकला चर्चच्या जमिनीखालील तळघरात पुरले, कुळे बाहेर उघड्यावर.

पण पाहण्यासारखे आहे ते बाहेरच. अठराव्या शतकातील शिला तांबूस वालुकाश्माच्या आहेत. माथ्यावर पंख असलेला गोल चेहरा, देहातून सुटलेल्या आत्म्याचा, आणि खाली मजकूर. काही शिलांवर डच भाषेत ‘येथे पुरले आहे’ अशी सुरुवात आढळते. इंग्रजी अंमल येऊन शंभर वर्षे होत आली तरी शेतकऱ्यांची मरणाची भाषा डचच होती. हा दगड थराथरांचा असतो. पाणी थरांत शिरते, हिवाळ्यात गोठते आणि कोरीव कामासकट पापुद्रा सुटून पडतो. त्यामुळे कित्येक नावे कायमची गेली आहेत.

काही नावे दगडावर कधी आलीच नाहीत. फ्रेडरिकचा मुलगा अ‍ॅडॉल्फ १७५० मध्ये वारला, तेव्हा त्याच्या येथील गिरणीवरच्या मालमत्तेच्या यादीत २३ गुलाम नोंदलेले होते, त्यांत लहान मुलेही होती. जहागिरीचे दळण आणि शेती त्यांच्या श्रमावर चाले. त्यांची नावे वाचायची तर गुराढोरांच्या व अवजारांच्या त्या यादीतच वाचावी लागतात.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात तिसरा फ्रेडरिक फिलिप्स इंग्लंडच्या राजाशी निष्ठावंत राहिला. १७७६ मध्ये सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनच्या हुकमाने त्याला अटक झाली, १७७९ च्या कायद्याने जहागीर जप्त झाली आणि पुढे तिचे तुकडे विकले गेले. अनेक कुळांनी आपण कसत असलेली जमीन स्वतः विकत घेतली. फ्रेडरिक इंग्लंडला गेला आणि चेस्टरमध्ये वारला. चर्चमधील छत्रासने काढून टाकण्यात आली.

जगाला ही जागा माहीत आहे ती लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंगच्या १८२० मधील शिर नसलेल्या घोडेस्वाराच्या कथेमुळे. कथेतील त्या हेसियन (ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या जर्मन) सैनिकाला याच दफनभूमीत पुरलेले आहे. येथील व्हॅन टेसेल घराण्याच्या कबरींशी लोक कथेतील नायिका कॅट्रिना व्हॅन टेसेलचे नाते जोडतात. पूर्वी नॉर्थ टॅरिटाउन म्हटल्या जाणाऱ्या गावाने १९९६ मध्ये कथेतील नावच स्वीकारले. अर्व्हिंगची कबर मात्र या दफनभूमीत नाही. ती लगतच्या, १८४९ मध्ये स्थापन झालेल्या मोठ्या स्लीपी हॉलो सिमेटरीत आहे. उद्योगपती अँड्र्यू कार्नेगीची कबरही तेथेच आहे. दोन्ही जागा एकमेकींना खेटून असल्या, तरी त्यांची व्यवस्था वेगळी आहे.

१९६१ मध्ये चर्चला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. उन्हाळ्यातील रविवारी तेथे अजूनही उपासना होते.